वाचनालयाचं आठवण-टूल: मेबीच्या आत अडकलेलं आयओ आणि बाकी कामाच्या नोंदी

शनिवार, ७ जून २०२५

सुरुवात केली. काम तसं छोटं आहे, आमच्या इथल्या वाचनालयात उशीर करणाऱ्या सभासदांची यादी दर महिन्याला एक्सेलमधनं निघते आणि मग ग्रंथपाल काकू एकेकाला फोन लावत बसतात. त्याऐवजी यादीची सीएसव्ही फाइल टूलला द्यायची, ज्यांचा मोबाइल नंबर आहे त्यांना संदेश जायचा, बस. भाचीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष संपलंय, सुट्टीत माझ्याकडे आलीय, जावा आणि पायथन तिला चांगलं येतं आणि फंक्शनल म्हणजे नक्की काय भानगड आहे ते बघायचंय, म्हणून हॅस्केल ही फंक्शनल भाषा. जीएचसीअप या इन्स्टॉलरने जीएचसी हा कंपाइलर टाकला, कबाल या बिल्ड टूलने रिकामा प्रोजेक्ट केला, तेवढ्यात जेवायची वेळ झाली.

सभासदाचा रेकॉर्ड ठरला: नाव, पुस्तक, परत द्यायची तारीख, फोन. फोनचा टाइप मेबी स्ट्रिंग, म्हणजे एक डबा, ज्यात मजकूर असेल (जस्ट) किंवा काहीच नसेल (नथिंग), कारण कित्येक आजोबांनी नंबर दिलेलाच नाहीये. भाची म्हणाली रिकामी स्ट्रिंग ठेवू की, मी म्हटलं मग प्रत्येक ठिकाणी रिकामी आहे का हे तपासायचं कोण लक्षात ठेवणार. मेबी असलं की कंपाइलर लक्षात ठेवतो. पाठव नावाचं फंक्शन नंबर घेतं आणि आयओ युनिट देतं, म्हणजे बाहेरच्या जगात काहीतरी करणारी पण कामाचा निकाल न देणारी कृती, सध्या फक्त स्क्रीनवर छापतं, खरा एसएमएस नंतर.

मोनाड, म्हणजे अशा कृती एकापुढे एक जोडायची हॅस्केलमधली कल्पना, हा शब्द अजून काढलेला नाही आणि जमलं तर अजून बरेच दिवस काढणार नाही.

रविवार, ८ जून

पहिली अडचण आली आणि नेमकी मला हवी होती तीच आली. भाचीला एफमॅप कळलंय, म्हणजे डब्यात काही असेल तर त्याला फंक्शन लाव, नसेल तर नथिंग तसंच राहू दे. तिने सरळ लिहिलं

एफमॅप पाठव फोन

आणि जीएचसीआयमध्ये, म्हणजे ओळ लिहिली की लगेच चालवून दाखवतो त्यात, एंटर मारला. एरर आली की आयओ युनिटसाठी शो चा इन्स्टन्स नाही. आता ही एरर नवख्या माणसाला काहीच सांगत नाही, कारण आपण कुठे काय शो करायला सांगितलं होतं. खरं काय झालं ते असं, की जीएचसीआयला आयओ दिलं तर तो ते चालवतो आणि दुसरं काही दिलं तर ते छापायला बघतो, आणि आपण दिलं होतं मेबी, ज्याच्या आत एक आयओ आहे. बाहेरचं कवच मेबीचं म्हणून ते चालवायचा प्रश्नच आला नाही, छापायला गेला, आणि आयओ ही छापण्यासारखी गोष्ट नाही.

"पण मामा, फंक्शन तर कॉल झालं ना?" झालं, पण पाठव कॉल करणं म्हणजे पाठवणं नाही. पाठवला नंबर दिला की एक कृती तयार होते, आयओ टाइपची, आणि ती प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या मेन पर्यंत जोडली गेली तरच चालते, नाहीतर नुसती एक व्हॅल्यू म्हणून पडून राहते जसा पाच हा आकडा पडून राहतो. यावर तीच म्हणाली, म्हणजे लग्नाची पत्रिका पाकिटात घातली, पत्ता लिहिला आणि कपाटात ठेवून दिली. अगदी तेच.

मग पायथनमध्ये दाखवलं. मॅप ला प्रिंट आणि तीन आकड्यांची यादी द्या, पायथन तीन मध्ये काहीही छापलं जात नाही, कारण मॅप आळशी आहे, कोणी मागितल्याशिवाय फंक्शन लावतच नाही, पायथन दोन मध्ये मॅप असा आळशी नव्हता, तिथे लगेच यादी तयार व्हायची. रस्टच्या इटरेटरचंही तसंच, वर कंपाइलर वॉर्निंग देतो की इटरेटर आळशी असतात. जावाच्या ऑप्शनलला (तिथलं मेबी) आठ नंबरच्या आवृत्तीपासून इफ-प्रेझेंट हे वेगळं फंक्शन आहेच, मॅप व्हॅल्यू बदलायला आणि इफ-प्रेझेंट काहीतरी करायला. भाची रोज ते वापरते पण दोन वेगळी का हे तिने कधी विचारलं नव्हतं, कोणीच विचारत नाही. मात्र एक फरक आहे, पायथनमध्ये प्रिंट कॉल झालं की छापलं जातंच, तिथे कॉल व्हायचाच राहतो. हॅस्केलमध्ये कॉल झाला तरी नुसती कृती हातात येते. दिसायला दोन्हीकडे सारखंच, स्क्रीन रिकामी.

मग उपाय. मी तिला आधी केस लिहायला लावलं: फोन नथिंग असेल तर प्युअर युनिट (काहीच न करणारी कृती), जस्ट नंबर असेल तर पाठव नंबर. दोन्ही फांद्यांचा टाइप आयओ युनिट, बाहेरचं मेबी संपलं. दिसायला लांबलचक पण माझं ठाम मत आहे की सुरुवातीला हेच लिहावं, कारण नथिंगची फांदी डोळ्यासमोर राहते आणि तिथे काय करायचं हे ठरवावं लागतं. नंतर दाखवलं की हेच मेबी नावाच्या छोट्या फंक्शनने एका ओळीत होतं, आणि मग

ट्रॅव्हर्स_ पाठव फोन

डेटा डॉट फोल्डेबल मधून इम्पोर्ट करायचं. शेवटी अंडरस्कोर आहे म्हणून भाचीने त्याचं नाव शेपटीवालं ठेवलं, आता आम्ही दोघं तेच म्हणतो. जस्ट असेल तर पाठवची कृती देतं, नथिंग असेल तर काहीच न करणारी कृती देतं, आणि बाहेरचा टाइप आयओ. यादीलाही हेच चालतं, सगळ्या सभासदांवर फिरायला वेगळा लूप नको.

शनिवार, १४ जून

आजचं प्रकरण जरा खोल आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

काकूंनी सांगितलं की यादीत फोनच नसतात, फोन वेगळ्या फाइलमध्ये आहेत, सभासद नोंदणीच्या. म्हणजे आता फोनशोध नावाचं फंक्शन आलं, नाव घेतं, फाइल वाचतं आणि आयओच्या आत मेबी स्ट्रिंग देतं. भाचीने विचार केला की दोन डबे आहेत तर दोन एफमॅप, म्हणजे एफमॅपच्या आत एफमॅप पाठव, आणि ते फोनशोधच्या निकालावर. डू ब्लॉकमध्ये, जिथे कृती एकाखाली एक लिहितात, एक ओळ म्हणून टाकलं.

कंपाइल झालं! चाललं पण! फक्त संदेश एकही नाही.

टाइप काढून बघितला तर बाहेर आयओ, त्याच्या आत मेबी, आणि मेबीच्या आत परत आयओ युनिट. बाहेरचं आयओ आहे म्हणून डू ब्लॉकने ते खुशाल चालवलं, फाइल उघडली गेली, पण आत जी पाठवायची कृती तयार झाली तो त्या ओळीचा निकाल, आणि डू ब्लॉकमध्ये मधल्या ओळीचा निकाल बाणाने नावात घेतला नाही तर तो फेकला जातो. मागच्या रविवारी निदान एरर आली होती, आज ती पण नाही.

वॉर्निंगचा डब्ल्यू-ऑल फ्लॅग चालू केल्यावर जीएचसी बोलला, की डू मधल्या ओळीने मेबी आयओ युनिट टाइपचा निकाल टाकून दिला. उत्तम. पण खाली सुचवणी काय, तर अंडरस्कोर आणि उलटा बाण लावा म्हणजे वॉर्निंग बंद होईल. नवखा माणूस साहजिक तेच करणार, आणि मग जी एकमेव घंटा वाजत होती ती पण बंद, संदेश तरीही गेलेला नाही. मला ही सुचवणी फारशी आवडत नाही, निकालाच्या आत आयओ दिसत असेल तर काहीतरी दुसरं सुचवायला हवं. अर्थात आयओच्या आत लगेच आयओ असेल तर वेगळी वॉर्निंग आहे, पण मध्ये मेबी आलं की ती लागू होत नाही.

आणि याहून वाईट अजून आहे. तीच ओळ शेपटीवाल्याच्या आत टाकली, म्हणजे प्रत्येक सभासदासाठी हे कर, तर डब्ल्यू-ऑल असूनही वॉर्निंग येत नाही. कारण शेपटीवाल्याचं कामच मुळी निकाल टाकून देणं, आत दिलेल्या फंक्शनने आयओच्या आत काहीही परत केलं तरी त्याला चालतं. भाचीला हे दाखवल्यावर ती पाच मिनिटं गप्प, मग म्हणाली, "मग कंपाइलर लक्षात ठेवतो म्हणालास ते?"

बरोबर विचारलं. कंपाइलर तुम्ही सांगितलेलंच लक्षात ठेवतो. म्हणून आता आमच्यात ठरलं की लूपच्या आतलं काम कधी नुसतं लॅम्डात, म्हणजे बिननावाच्या फंक्शनमध्ये, लिहायचं नाही, त्याला नाव द्यायचं आणि वर टाइप लिहायचा, आठवण नावाचं फंक्शन, सभासद घेतं, आयओ युनिट देतं. असं लिहिल्यावर दोन एफमॅपवालं प्रकरण कंपाइलच होत नाही, एररमध्ये स्वच्छ दिसतं की हवं होतं युनिट आणि आलं मेबी आयओ युनिट. दुरुस्ती शेवटी एवढीच की आतला एफमॅप काढून शेपटीवालं आणि बाहेरचा एफमॅप काढून बाइंड (आधीच्या कृतीचा निकाल पुढच्या फंक्शनला देणारं), फोनशोध नाव बाइंड ट्रॅव्हर्स_ पाठव. हे तिने स्वतः काढलं.

रविवार, १५ जून

आज फार काम नाही. नावं छापायला प्रिंट वापरलं तर देवनागरी गायब, पुणे लिहिलं की तिरक्या रेघा आणि २३४६, २३६९, २३३९, २३७५ असे आकडे. प्रिंट आधी शो करतं आणि शो आस्कीच्या बाहेरच्या अक्षरांचे कोड देतं. पुट-स्ट्र-एलएन वापरा, सुटला प्रश्न. विंडोजवर स्टॅंडर्ड आउटपुटचं एन्कोडिंग यूटीएफ-८ करायची एक ओळ मेनच्या सुरुवातीला टाकून ठेवली, काकूंचा कंप्युटर विंडोजचा आहे.

शनिवार, २१ जून

पालख्या पुण्यात मुक्कामाला, बाहेर पडायचा प्रश्न नाही, त्यामुळे दिवसभर बसलो.

तारखांचं काम. काकूंच्या यादीत काही तारखा इंग्रजी आकड्यांत आणि काही देवनागरी आकड्यांत आहेत, ज्याने जसं टाइप केलं तसं. मजकुरातून संख्या वाचणाऱ्या रीड-मेबीला देवनागरी आकडे दिले की सरळ नथिंग, कारण तो फक्त आस्कीतले शून्य ते नऊ ओळखतो. हे अक्षर आकडा आहे का ते सांगणारं इज-डिजिट पण तसंच, मात्र इज-नंबरला विचारलं तर तो हो म्हणतो. वाचायच्या आधी प्रत्येक अक्षर बदलून घेतलं, देवनागरी शून्याचा कोड २४०६ आणि आस्की शून्याचा ४८, म्हणजे २३५८ वजा केले की झालं. हे फंक्शन एकदम शुद्ध, ना आयओ ना मेबी, आणि भाचीने त्याच्या टेस्ट आपणहून लिहिल्या.

मग बिनशेपटीचं ट्रॅव्हर्स. यादीतल्या प्रत्येक ओळीवर तारीख वाचायचं फंक्शन लावलं आणि ते मेबी देतं, तर मॅपने मेबींची यादी मिळते, ट्रॅव्हर्सने मेबीच्या आत यादी मिळते, म्हणजे सगळ्या जमल्या तर जस्ट, एकही फसली तर नथिंग. आतलं बाहेर आणि बाहेरचं आत. सिक्वेन्स-ए नुसतं उलटं करतं, ट्रॅव्हर्स फंक्शन लावून उलटं करतं. इथे तिची ट्यूब पेटली आणि तिने कॉलेजच्या वेब प्रोजेक्टचं उदाहरण काढलं, जावास्क्रिप्टमध्ये यादीवर असिंक (निकाल नंतर देणारं) फंक्शन मॅप केलं तर प्रॉमिसांची, म्हणजे पुढे येणाऱ्या निकालांची, यादी मिळते आणि ती प्रॉमिस डॉट ऑलला द्यावी लागते, ते हेच ना? हेच. आणि फॉर-ईचला असिंक फंक्शन दिलं तर तो थांबत नाही, प्रॉमिस टाकून देतो, म्हणजे मागच्या शनिवारचाच प्रकार दुसऱ्या भाषेत. फरक एक आहे, प्रॉमिस हातात आलं तेव्हा काम सुरू झालेलं असतं, आयओ हातात आलं तेव्हा काहीच झालेलं नसतं, ही गल्लत करायची नाही.

एकाच ट्रॅव्हर्सचं वागणं आतल्या डब्यावर ठरतं हे मात्र पचायला वेळ लागला. आतलं फंक्शन मेबी देत असेल तर पहिल्या नथिंगला खेळ संपतो, आयओ देत असेल तर एकेक करत सगळं चालतं. या सगळ्याला नीट नाव मिळालं ते मॅकब्राइड आणि पॅटरसन यांच्या २००८ च्या अॅप्लिकेटिव्ह वरच्या पेपरमध्ये, आणि २०१५ साली जीएचसी ७.१० आल्यावर ट्रॅव्हर्स प्रेल्यूडमध्येच, म्हणजे इम्पोर्ट न करता मिळणाऱ्या फंक्शनांत, आलं. त्याच वेळी लेंग्थला फक्त यादी न लागता कुठलाही फोल्डेबल, म्हणजे ज्यातल्या गोष्टी एकेक करून घेता येतात असा डबा, चालायला लागला, म्हणून आज दोन गोष्टींच्या जोडीची लांबी विचारली तर उत्तर एक येतं. त्यावरून लोक भांडले होते, आणि खरं सांगायचं तर भांडणाऱ्यांची बाजू मला थोडी पटते.

रविवार, २२ जून

ती जोडीची लांबी गंमत म्हणून सांगितली होती, आज तिचाच धाकटा भाऊ कोडमध्ये भेटला.

तारीख वाचताना नुसतं नथिंग मिळून उपयोग नाही, काकूंना कळायला हवं की कितव्या ओळीत काय चुकलंय, म्हणून भाचीने मेबीच्या जागी ईदर घातलं, लेफ्टमध्ये चुकीचा मजकूर, राइटमध्ये सभासद. टाइप बदलला की कंपाइलर जिथे जिथे जुनं वापरलंय तिथे ओरडेल आणि आपण एकेक दुरुस्त करू, हा हॅस्केलवाल्यांचा आवडता मंत्र. ओरडला पण, बऱ्याच ठिकाणी. शेपटीवालं होतं तिथे मात्र नाही. कारण ईदर पण फोल्डेबल आहे, त्यात फक्त राइट मोजला जातो, लेफ्ट म्हणजे रिकामं. परिणाम असा की चुकीच्या ओळींचा मजकूर आम्ही कष्टाने तयार केला आणि शेपटीवाल्याने तो न वाचता सोडून दिला. चाचणीच्या फाइलमधल्या बिघडवलेल्या ओळी आउटपुटमध्ये कुठेच दिसेनात तेव्हा लक्षात आलं.

तर माझा नियम, इतरांचा वेगळा असू शकतो: मेबीवर शेपटीवालं तेव्हाच, जेव्हा नथिंगचा अर्थ खरोखर काही करायचं नाही असा आहे. ईदरवर कधीच नाही, तिथे ईदर याच नावाचं फंक्शन वापरायचं, त्याला दोन्ही बाजूंचं काय करायचं ते सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. सगळ्या ओळी एकदम वेगळ्या काढायला पार्टिशन-ईदर्स आहे, आम्ही शेवटी तेच घातलं, चुकलेल्या एकीकडे, नीट असलेल्या एकीकडे. ट्रॅव्हर्स इथे नको कारण तो पहिल्याच लेफ्टला थांबतो आणि काकूंना एकेक चूक दुरुस्त करून परत परत चालवायला लावणं म्हणजे छळ.

रविवार, २९ जून

मोठी फिरवाफिरवी. नियमाकडे परत बघितलं आणि प्रश्न पडला की फोन नसलेल्या सभासदाचं नथिंग म्हणजे खरंच काही करायचं नाही असं आहे का? काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, अहो त्यांनाच तर निरोप द्यायला लागतो, शेजारच्याकडे किंवा शिपायाबरोबर. म्हणजे आम्ही ज्यांना शांतपणे वगळत होतो तेच लोक कामाचे.

म्हणून आता कृती नावाचा टाइप केला: संदेश, त्यात नंबर आणि मजकूर, चिठ्ठी, त्यात नाव आणि मजकूर, आणि तक्रार, म्हणजे ओळ क्रमांक आणि काय चुकलं. ठरव नावाचं फंक्शन आजची तारीख आणि एक सभासद घेतं आणि कृतींची यादी देतं, त्यात आयओ अजिबात नाही. फोनचं मेबी तिथेच केसने सुटतं, जस्टला संदेश, नथिंगला चिठ्ठी. मग एकच फंक्शन, चालव, एक कृती घेऊन आयओ युनिट देतं, आणि मेनमध्ये एकदाच ट्रॅव्हर्स_ चालव. कृतींच्या साध्या यादीवर शेपटीवालं एकदम सुरक्षित, वगळण्यासारखं काही उरतच नाही. आयओ आता डब्यांच्या आत कुठेच अडकत नाही कारण डबे सुटेपर्यंत ते जन्मालाच येत नाही.

भाचीला वाटलं ही फार आधुनिक युक्ती आहे. उलट आहे. १९९० साली हॅस्केलची पहिली आवृत्ती आली तेव्हा आयओ हा टाइप आजच्या रूपात नव्हताच, प्रोग्राम म्हणजे एक फंक्शन, त्याला उत्तरांची आळशी यादी मिळायची आणि ते मागण्यांची यादी द्यायचं, फाइल वाच, हे छाप, वगैरे, आणि त्या मागण्या बाहेरची यंत्रणा पुऱ्या करायची. पण मागणी आणि तिचं उत्तर वेगवेगळ्या यादीत, त्यांची जुळणी आपण सांभाळायची, ते फार किचकट. यूजेनिओ मोज्जी यांनी १९८९ मध्ये सिद्धांताच्या बाजूने मोनाड मांडले, वॉडलर आणि पेटन जोन्स यांनी ते प्रोग्रामिंगमध्ये आणले, आणि १९९६ च्या हॅस्केल १.३ मध्ये मोनाडवालं आयओ आलं. आमच्या टूलला बाहेरून उत्तर यायची गरज नाही, नुसत्या मागण्याच आहेत, म्हणून जुनी पद्धत चपखल बसते. उत्तरावर पुढची कृती अवलंबून असती तर ही यादी पुरली नसती. (अखेर मोनाड शब्द निघालाच. तिने नुसतं हं केलं आणि पुढे गेली, फार छान.)

आयता फायदा म्हणजे न पाठवता नुसतं दाखव असा मोड दहा ओळींत झाला, चालवच्या जागी वर्णन करणारं फंक्शन.

शनिवार, ५ जुलै

उद्या आषाढी एकादशी, वाचनालय बंद, म्हणून आजच काकूंच्या कंप्युटरवर चालवून बघितलं, दाखव मोडमध्ये. चिठ्ठ्यांची यादी बघून त्या खूश, संदेशांपेक्षा त्यांना तीच जास्त आवडली.

तिथे एक अडचण, पाठवलं की त्याच सीएसव्हीत खूण करायची होती, तर फाइल लॉक आहे अशी एरर. नेहमीचं रीड-फाइल आळशी असतं, मजकूर पूर्ण वापरेपर्यंत फाइल उघडीच राहते आणि त्याच फाइलमध्ये लिहायला गेलं की जीएचसीचं रनटाइम अडवतं. टेक्स्ट लायब्ररीचं रीड-फाइल सगळं वाचून फाइल बंद करतं, ते घातलं, शिवाय खूण नव्या फाइलमध्ये लिहून मग नाव बदलायचं ठरवलं, मध्येच वीज गेली तर मूळ यादी तरी राहील.

आता खरा एसएमएस जोडायचा म्हणजे नेटवर्क आलं, आणि शेपटीवाल्याचा अजून एक कोपरा उघडा पडला. आयओमध्ये एखादी कृती एक्सेप्शन टाकून पडली तर पुढच्या सगळ्या राहतात आणि आधीच्या झालेल्या असतात, कोणाला गेला कोणाला नाही पत्ता नाही. म्हणून प्रत्येक कृतीभोवती ट्राय, टाइप आयओ-एक्सेप्शन असा लिहूनच द्यावा लागतो नाहीतर कंपाइलरला कळत नाही काय पकडायचंय, आणि एसएमएसची लायब्ररी स्वतःचं वेगळं एक्सेप्शन टाकत असेल तर ते पण बघायला लागेल. ट्राय आयओच्या आत ईदर देतो, आणि आता तो निकाल हवाय, म्हणून इथे बिनशेपटीचं ट्रॅव्हर्स, ईदरांची यादी घ्यायची, परत पार्टिशन-ईदर्स, फसलेले संदेश चिठ्ठ्यांच्या यादीत ढकलायचे. हे भाची लिहितेय, पुढच्या शनिवारपर्यंत. बाकी राहिलेलं: एकाच घरात दोन सभासद असतील तर एकच संदेश, आणि काकूंना हवा असलेला मोठा फॉन्ट, जो टर्मिनलमध्ये मी कुठून आणू तेच कळत नाहीये.